ॲनी आजीचे दुकान

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त महिला मंडळाच्या सत्रात दिलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा फारशी बदललेली नाही.)



मला विषय दिला आहे, 'आजी-आजोबांकडून मिळालेले जीवनाचे व नेतृत्वाचे धडे'. विषय ऐकून आमच्या मंडळातल्या एक ताई म्हणाल्या, अहो, नेतृत्वावर बोलायचं आहे तर त्यात आजीचं काय काम? त्यांचंही बरोबर आहे. नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते स्टेज, हार, माईक आणि बॅनरवर कोणाचा फोटो केवढा यावरून झालेलं भांडण. (हसू नका, हे आपल्याच नगरातलं आहे.) आजी बॅनरवर कधीच नसते. तिचा फोटो पहिल्यांदा छापला जातो तो पुण्यानुमोदनाच्या कार्डावर.

इथं बसलेल्या प्रत्येकाच्या घरी सांगण्यासारखी एक आजी आहे किंवा होती. माझीही होती. पण आपल्या आज्यांचं फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही, आणि नुसत्या आठवणीवर बोलायला गेलं की सगळ्याच आज्या सारख्या प्रेमळ होतात. म्हणून मी आज अशा आजीबद्दल बोलणार आहे, जिच्या नातीनं तिचं सगळं बारकाईनं लिहून ठेवलं, तिचा मोठेपणा लिहिला आणि तिनं मारलेली थप्पडही लिहिली. ही आजी महाराष्ट्रातली नाही. ती अमेरिकेतली, काळ्या लोकांपैकी. पक्की ख्रिश्चन, रोज पहाटे चारला उठून गुडघे टेकून प्रार्थना करणारी. आपण ईश्वर मानत नाही, तेव्हा ते तिचं तिच्यापाशी राहू द्या. बाकी बाई ओळखीची वाटेल.

आता कोणी म्हणेल, एवढ्या लांब कशाला जायचं? तर बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात होते. १९४६ साली त्यांनी डू बॉइस या काळ्या लोकांच्या थोर विद्वानाला पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव तिकडच्याच ब्लॅक पँथरवरून आलं. म्हणजे जाणं-येणं जुनं आहे. फक्त ते पुरुषांच्या नावांनी ओळखलं जातं. आज एका बाईच्या घरी जाऊ.

तिचं नाव ॲनी हेंडरसन. गावाचं नाव स्टँप्स, राज्य आर्कान्सा, अमेरिकेच्या दक्षिण भागातला कापसाचा मुलूख. साधारण १९३१ साली तिच्या दारात दोन मुलं आली. मुलगा चार वर्षांचा, मुलगी तीनची. आईबापाचं लग्न मोडलं होतं, म्हणून कॅलिफोर्नियातून त्या दोघांना आगगाडीत बसवून देण्यात आलं. मनगटाला चिठ्ठी बांधलेली, जसं आपण पार्सलला बांधतो. ही मुलं अमुक अमुक, यांना मिसेस ॲनी हेंडरसन यांच्याकडे पोहोचवावं. हा 'मिसेस' शब्द लक्षात ठेवा, तो पुढे येणार आहे.

त्यातली मुलगी म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेली लेखिका माया अँजेलो. १९६९ साली तिचं 'आय नो व्हाय द केज्ड बर्ड सिंग्ज' हे आत्मकथन आलं, आणि आजीबद्दल आपल्याला जे माहीत आहे ते बरंचसं त्यातून आणि तिच्या नंतरच्या लिखाणातून. नातवंडं आजीला 'मम्मा' म्हणत. मी आपली ॲनी आजीच म्हणते.

आता मागे जाऊ, १९०३ सालात. तेव्हा ॲनी आजी नव्हती, तरुण बाई होती, पदरात दोन लहान मुलगे. नवरा एक दिवस म्हणाला, मला धर्माचं शिक्षण घ्यायला दुसऱ्या राज्यात जायचं आहे. तिथं एका पाद्र्याची मुलगी त्यानं आधीच पाहून ठेवली होती, हे सांगितलं नाही. वाटणी झाली. बाईला एका खोलीचं घर मिळालं, रोकड बहुतेक सगळी नवऱ्यानं नेली. लिहिणं-वाचणं जेमतेम. अंगानं मात्र धिप्पाड, सहा फुटांहून उंच.

अशा काळ्या बाईपुढे त्या काळी एकच रस्ता होता, गोऱ्यांच्या घरी धुणी-भांडी-स्वयंपाक. म्हणजे आपली मुलं कुणाच्या तरी भरवशावर सोडायची आणि दुसऱ्याची मुलं सांभाळायची. ते तिला नको होतं. गावात कारखाने दोन होते. एक सरकी वेगळी करणारी जिनिंग, दुसरी लाकूड कापायची गिरणी. दोन्हीकडे तिला काम मिळणं शक्य नव्हतं. तेव्हा तिनं उलटा विचार केला. कारखाना मला कामावर घेत नाही ना, मग कारखान्याकडून आपलं काम कसं करून घेता येईल?

तिनं कोणाला काही सांगितलं नाही. एका संध्याकाळी पाच-पाच गॅलनच्या दोन बादल्या घेतल्या आणि त्यात दगड भरले. एकेक बादली म्हणजे एकोणीस लिटरची, आपल्या न्हाणीघरातल्या मोठ्या बादलीएवढी. त्या दोन हातात धरून ती तीन मैल चालत जिनिंगपर्यंत गेली. तिथं बसली. थोडे दगड काढून टाकले. मग अंधारात, कच्च्या रस्त्यानं आणखी पाच मैल चालत लाकडाच्या गिरणीपर्यंत गेली. परत येताना उरलेले दगडही टाकून दिले.

कशासाठी? तर आपल्याला किती ओझं किती लांब नेता येतं, हे तिला आधी बघायचं होतं.

बंधू-भगिनींनो, मी पुष्कळ कार्यकर्ते बघितले आहेत. मोठ्या उत्साहानं संस्था काढतात, पतपेढी काढतात, वसतिगृह काढतात. पावती पुस्तकं छापून येतात, उद्घाटनाला पाहुणे येतात, आणि दीड वर्षात दाराला कुलूप लागतं. कारण सरळ आहे. दगड भरून कोणी चालून बघितलेलंच नसतं. आणि बघायचंच तर ते रात्रीचं बघावं, चारचौघांना न दाखवता. उद्घाटनाच्या दिवशी वजन कळत नाही हो, त्या दिवशी उचलायला सगळे असतात.

त्याच रात्री ती घरी आल्यावर लगेच झोपली नाही. कोंबडी उकडली, डुकराचं मांस तळलं, कणीक मळली, लाटून आत मांस भरलं. आपली मोठी करंजी डोळ्यांपुढे आणा, सारण मात्र मांसाचं. सकाळी ते सगळं घेतलं, चरबी घेतली, लोखंडी शेगडी घेतली, कोळसा घेतला, आणि जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी जिनिंगमागच्या मोकळ्या जागेत जाऊन बसली. घंटा झाली तशी तिनं त्या करंज्या उकळत्या चरबीत सोडल्या. वास सुटला. कापसाच्या तंतूंनी पांढरे झालेले कामगार बाहेर आले. बहुतेकांनी घरून डबे आणले होते, म्हणून पहिल्या दिवशी धंदा बेताचाच झाला.

पुढचा हिशेब ऐकण्यासारखा आहे. आज जिनिंगवर गरम विकायच्या, पाच सेंटला एक, आणि तिथून लगबगीनं लाकडाच्या गिरणीवर जाऊन उरलेल्या गार झालेल्या तीन सेंटला. उद्या उलटं. उद्या गिरणीवाल्यांना गरम आणि जिनिंगवाल्यांना गार. म्हणजे कुठल्याच गिऱ्हाईकाला रोज शिळं खावं लागत नाही, आणि गारचा भाव गरमला लावला असंही कोणी म्हणू शकत नाही. ऊन असो, थंडी असो, तिचा खाडा नाही. अशी काही वर्षं गेली. मग लोकांची खात्री पटल्यावर तिनं दोन्ही कारखान्यांच्या मधोमध एक टपरी बांधली. आता ती जात नव्हती, कामगार तिच्याकडे पळत येत होते. टपरीचं पुढे दुकान झालं. चीज, पीठ, काकवी, बिस्किटं, वह्या, लोणची, डबाबंद माल, फळं, कोळसा, तेल, इतकंच काय झिजलेल्या बुटाला लावायचे चामड्याचे तळवेसुद्धा.

इथं मला थांबून एक कडू गोष्ट बोलायची आहे. आपल्याकडे मुंबईच्या गिरणगावात बायकांनी खानावळी चालवल्या, गावाकडून आलेल्या एकट्या कामगारांना जेवू घातलं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी त्यांची अन्नपूर्णा महिला मंडळ ही संघटना उभी केली. मोठं काम. पण १९०३ साली आपली एखादी आजी शेगडी घेऊन गिरणीच्या दाराशी बसली असती, तर तिच्या हातचं कोणी घेतलं असतं का? अमेरिकेतला गोरा माणूस काळ्या बाईला शेजारी बसू देत नव्हता, पण तिच्याच हातचं जेवून तो वाढला होता. आपल्याकडे तर विटाळ अन्नालाच. कापड गिरण्यांतल्या विणाई खात्यात आपल्या लोकांना घेत नसत, का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. बाबासाहेबांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न उचलून धरला होता. तेव्हा ॲनी आजीची गोष्ट ऐकून 'आपले लोक धंद्यात का नाहीत' असं जे सहज बोललं जातं, ते बोलताना हे जरा ध्यानात ठेवावं. आज मात्र पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या आपल्या भगिनी आहेत आणि लोक रांग लावून घेतात. ज्यांना आडनाव विचारल्याशिवाय घास उतरत नाही तेही कमी झालेले नाहीत, हेही खरं.

असो. दुकानाकडे येऊ. नातवंडं तिथंच वाढली. माया लहानपणी पीठ, साखर मापून द्यायची. अंदाजानं कागदी पिशवीत भरायची आणि काटा बरोबर वजनावर थांबला की गिऱ्हाईकं कौतुक करायची. चुकलं तर गिऱ्हाईक म्हणायचं, आणखी घाल. मग ती स्वतःलाच शिक्षा करायची, त्या दिवशी चॉकलेट खायचं नाही. हे तिला कोणी पाठ करून घेतलं नव्हतं. घरातली मोठी बाई मापात चोख असेल तर पोराला सांगावं लागत नाही.

मग तिकडे महामंदी आली. कापूस वेचणाऱ्यांची मजुरी दहा सेंटवरून आठ, मग सात, शेवटी पाचवर आली. लोकांच्या हातात पैसाच नाही. सरकारकडून मदत म्हणून दुधाची भुकटी, अंड्याची भुकटी, डबाबंद मासे मिळायचे. दुकानदारापुढे दोनच वाटा दिसतात अशा वेळी. उधारी द्यायची आणि बुडायचं, किंवा उधारी बंद करायची आणि गिऱ्हाईक घालवायचं. ॲनी आजी आणि तिचा अपंग मुलगा विली, दोघं बसले, आणि त्यांनी तिसरी वाट काढली. दुकानावर दरपत्रक लावलं. पाच पौंड दुधाच्या भुकटीचा डबा आणा, पन्नास सेंटचा माल न्या. पाच पौंड अंड्याच्या भुकटीचा डबा आणा, एक डॉलरचा माल न्या.

इथं १९७२ चा दुष्काळ बघितलेल्या ज्येष्ठ मंडळींना आठवत असेल, परदेशातून आलेला तो लाल मिलो आणि सुकडी. फुकट मिळालं तरी रोज रोज तेच खाताना जीव कंटाळतो. तिथंही तसंच होतं. ॲनी आजीनं लोकांना त्यांच्या नावडत्या डब्याच्या बदल्यात साबण, तेल, पीठ घेता येईल अशी सोय केली. भीक नाही, उधारी नाही, व्यवहार. पण मग ते जमलेले डबे संपवायचे कोणी? माया लिहिते की ज्या थोड्या काळ्या कुटुंबांना सरकारी मदत घ्यावी लागत नव्हती त्यांपैकी आमचं एक होतं, आणि तरी गावात रोजच्या रोज अंड्याची भुकटी खाणारी आणि दुधाची भुकटी पिणारी मुलं आम्ही दोघंच. हे वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ काही सुचलं नाही. समाजासाठी योजना काढणारे पुष्कळ असतात. त्या योजनेतला तोटा आपल्या नातवंडांच्या ताटात वाढून घेणारे किती?

ते दुकान नुसतं दुकान नव्हतं. गावातल्या काळ्या लोकांना बसा-उठायला दुसरी जागा नव्हती. जो लुई हा काळा मुष्टियोद्धा लढत असे तेव्हा रेडिओ ऐकायला सगळी वस्ती तिथं जमायची, भिंतीपर्यंत माणसं दाटलेली, बायका मुलांना मांडीवर घेऊन. जो लुई जिंकला की जल्लोष. आणि लांबच्या गावचे लोक त्या रात्री घरी परत न जाता तिथंच ओळखीच्यांकडे मुक्काम करायचे. कारण ज्या रात्री काळ्या माणसानं आपण जगात सर्वांत बळकट आहोत हे सिद्ध केलं, त्या रात्री एकट्यादुकट्या काळ्यानं सुनसान रस्त्यानं जाणं धोक्याचं होतं. १४ एप्रिलच्या मिरवणुकीनंतर उशिरा घरी परतणारी पोरं वेळेवर पोहोचतात की नाही म्हणून दारात बसणाऱ्या आयांना हे समजावून सांगायला नको.

आता तो 'मिसेस' शब्द. त्या काळी दक्षिणेत 'मिसेस' म्हणजे 'श्रीमती', 'बाई' हा मान फक्त गोऱ्या स्त्रीचा. काळी बाई साठ वर्षांची असो, गोऱ्यांचं पोरसुद्धा तिला नुसत्या नावानं हाक मारणार. आपल्या वडीलधाऱ्यांना गावात काल जन्मलेल्या पोरानं 'ए अमक्या' म्हणून हाक मारलेली आपण ऐकली आहे, तेच हे. तर झालं असं, एका काळ्या माणसाच्या मागे गोरे लागले होते. तो जीव वाचवायला पळाला, आणि ॲनी आजीनं त्याला रात्र होईतो लपवलं, बरोबर शिधा दिला. पुढे तो पकडला गेला. कोर्टात विचारलं, कुठं लपला होतास? म्हणाला, मिसेस हेंडरसन यांच्या दुकानात. न्यायाधीशाला वाटलं, दुकानाची मालकीण आणि 'मिसेस', म्हणजे गोरीच असणार. समन्स काढलं, मिसेस हेंडरसन हाजिर हो. आणि समोर येऊन उभी राहिली सहा फुटी काळी बाई. गोरे लोक पोट धरून हसले, न्यायाधीशाची फजिती झाली म्हणून. काळी वस्ती मात्र हसली नाही. त्यांनी एवढंच धरून ठेवलं की भर कोर्टात आपल्या बाईला 'मिसेस' म्हटलं गेलं.

आता जरा अवघड भागाकडे येते.

शाळेमागे ॲनी आजीची जमीन होती, आणि त्या जमिनीवर काही गरीब गोरी कुटुंबं राहायची. म्हणजे ती त्यांची मालकीण. तरी त्यांच्या मुली दुकानात येऊन तिला नावानं हाक मारायच्या, मालाला हात लावायच्या. एकदा, माया दहाएक वर्षांची असताना, त्या मुली अंगणात आल्या आणि आजीच्या पुढे उभ्या राहून तिच्या उभं राहण्याची, तोंडाची नक्कल करू लागल्या. एक तर हातावर उलटी उभी राहिली, अंगात आतले कपडे नसताना. आजी जागची हलली नाही. तोंडातल्या तोंडात प्रार्थनागीत गुणगुणत राहिली. जाताना त्या मुलींना तिनं मान देऊन, 'मिस' म्हणून निरोप दिला. माया दारामागे रडत होती, रागानं थरथरत होती.

मला हे वाचताना राग आला. आजही येतो. आपण महाडच्या वारशातली माणसं, १९२७ साली चवदार तळ्यावर गेलेल्यांची पोरं. आपल्याला वाटतं, बोलली का नाही? हाकलून का नाही दिलं? जमीन तर तिचीच होती.

पण जागा कोणती होती तेही बघू. याच आर्कान्सा राज्यात १९१९ साली, एलेन गावाजवळ, कापसाचा रास्त पैसा मिळावा म्हणून काळी कुळं चर्चमध्ये सभेला जमली होती. त्यावरून गोळीबार झाला, आणि मग गोऱ्यांच्या टोळ्यांनी काळ्यांची कत्तल केली. एका रात्री स्टँप्समध्येही निरोप आला की आज गोऱ्यांची टोळी फिरणार आहे. ॲनी आजीनं आपल्या अपंग मुलाला बटाटे-कांद्यांच्या कप्प्यात झोपवून वर बटाटे रचले. धडधाकट माणूस पळू तरी शकतो, विलीला पळताही येत नव्हतं. २००६ चं खैरलांजी आपल्याला माहीत आहे. उलट बोलल्याची किंमत कोण, केव्हा, कशी वसूल करतं हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

पुढे माया तरुणपणी, तान्हं बाळ घेऊन स्टँप्सला आली असताना, गोऱ्यांच्या दुकानात विक्रेत्या बायकांना फडाफडा बोलली. ती घरी पोहोचायच्या आत बातमी पोहोचली होती. आजीनं तिला थोबाडीत मारली, आणि त्याच दिवशी बाळासकट कॅलिफोर्नियाला परत पाठवून दिलं. लोक या प्रसंगाकडे दोन तऱ्हांनी बघतात. कोणी म्हणतो, आजी घाबरट. कोणी म्हणतो, आजी शहाणी. मला वाटतं, तिला आपलं गाव पुरेपूर माहीत होतं, आणि या पोरीचं तोंड आता या गावात मावणार नाही हेही तिला कळलं होतं. तिनं पोरीचं तोंड बंद केलं नाही, पोरगी गावाबाहेर काढली. यात फरक आहे. पण याला मी लढा म्हणणार नाही. लढा म्हणजे महाड. ॲनी आजीनं लढ्यासाठी माणूस जिवंत ठेवला, आणि ज्याला त्याला त्याच्या कामाचं श्रेय द्यावं.

आणि गप्प बसणं हाच तिचा स्वभाव होता असंही नाही हं. मायाचा दात दुखत होता, गावात दातांचा डॉक्टर एकच, गोरा. मंदीच्या काळात ॲनी आजीनं त्याला पैसे कर्जाऊ दिले होते, त्याचा दवाखाना वाचवला होता. ती नातीला घेऊन त्याच्या मागच्या दाराशी गेली. त्यानं सांगितलं, मी काळ्यांना तपासत नाही, आणि वर काळ्या पोरीच्या तोंडाला कुत्र्याच्या तोंडाहून वाईट ठरवलं. आजीनं नातीला बाहेर थांबवलं, आत गेली, आणि त्या जुन्या कर्जाचं व्याज म्हणून दहा डॉलर वसूल करून बाहेर आली. त्यातून बसचं भाडं भरून नातीला टेक्सारकानाला काळ्या डॉक्टरकडे नेलं. घरी आल्यावर विलीला हसत सांगितलं, कागदावर व्याजाचं काही ठरलं नव्हतं, हे मागणं तसं बरोबर नाही, पण त्याला तेच पाहिजे होतं. एरवी तोळा-माशाचा हिशेब चोख ठेवणारी बाई! मला हा प्रसंग फार आवडतो. काटेकोर माणसानं एखादवेळी मुद्दाम काटा वाकडा धरला की त्यालाही वजन येतं.

वेळ होत आली, अध्यक्ष घड्याळाकडे बघत आहेत. पण एक गोष्ट राहिली, आणि ती आपल्या घरांतल्या मुलींसाठी सांगितलीच पाहिजे.

माया सात-आठ वर्षांची असताना काही दिवस आईकडे सेंट लुइसला होती. तिथं आईच्या ओळखीच्या माणसानं तिच्यावर अत्याचार केला. मुलीनं कोर्टात साक्ष दिली. नंतर त्या माणसाला कोणीतरी मारून टाकलं. त्या लहान जिवाला वाटलं, मी नाव घेतलं म्हणून माणूस मेला, म्हणजे माझा आवाजच वाईट. तिनं बोलणं बंद केलं. भावाशी तेवढं बोलायची. अशी जवळजवळ पाच वर्षं. तिला परत स्टँप्सला आजीकडे पाठवलं.

आपल्याकडे अशी मुलगी घरात असती तर काय झालं असतं? कोणी मारलं असतं, कोणी अंगारा आणला असता, शेजारपाजार 'मुकी' म्हणून मोकळा झाला असता. तिथंही लोक वेडी, मंद म्हणत होतेच. आजी तिचे केस विंचरायची, वेणी घालायची, आणि घालता घालता सांगायची की लोक काय म्हणतात त्याची मला पर्वा नाही, तुझी तयारी झाली की तू बोलशील, आणि तू शिक्षिका होणार आहेस. जबरदस्ती नाही, औषधपाणी नाही, रोज केस विंचरणं आणि रोज तेच सांगणं. मायानं नंतर सांगितलं आहे की तेव्हा मला वाटायचं, ही बिचारी म्हातारी काहीतरीच बोलते.

वस्तीत मिसेस फ्लॉवर्स नावाच्या एक सुशिक्षित काळ्या बाई होत्या. त्यांचं सामान घरी पोहोचवायच्या निमित्तानं आजीनं मुलीला त्यांच्याबरोबर पाठवलं. त्यांनी पुस्तकं दिली आणि सांगितलं, मोठ्यानं वाच. जिला स्वतःला धड वाचता येत नव्हतं तिनं नातीला योग्य दारात नेऊन उभं केलं. आपल्यालाही सगळं यायला पाहिजे असं नसतं, ज्याला येतं तो कुठं राहतो ते माहीत असावं लागतं.

नाहीतर ॲनी आजी काही देवता नव्हती, हे सांगायला पाहिजे, नाहीतर मीही तिला प्रेमळ करून टाकीन. त्याच दिवशी माया आनंदानं घरी आली आणि बोलता बोलता तोंडून निघालं, 'बाय द वे'. आपली पोरं येता-जाता हा शब्द वापरतात. आजीनं त्यावरून तिला छडीनं मारलं. का, तर 'वे' म्हणजे मार्ग, आणि मार्ग म्हणजे फक्त येशू, त्याचं नाव फुकट का घेतलंस! पोरीला कळेना की मार कशाचा. आज्यांचे काही हुकूम असे असतात, त्यांच्यापासून शिकण्यासारखं काही नसतं, एवढंच म्हणायचं आणि पुढे जायचं.

माया बोलू लागली. पुढे ती गायली, नाचली, नाटकांत कामं केली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचं काम केलं, पुस्तकं लिहिली. आणि खरोखर शिक्षिका झाली, विद्यापीठात. २० जानेवारी १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शपथविधीला, साऱ्या अमेरिकेसमोर, तिनं उभं राहून आपली कविता वाचली. पाच वर्षं ज्या मुलीच्या तोंडून घराबाहेर शब्द निघाला नव्हता तीच ही. २८ मे २०१४ रोजी ती वारली.

२०२२ साली अमेरिकेच्या टांकसाळीनं पंचवीस सेंटच्या नाण्यावर तिची प्रतिमा काढली. त्या नाण्यावर आलेली ती पहिली काळी स्त्री. १९०३ साली जिनिंगमागच्या त्या मोकळ्या जागेत पंचवीस सेंटला पाच करंज्या यायच्या, गरम.

 बाहेर महिला मंडळाच्या ताईंनी खिरीची व्यवस्था केली आहे, ती घेतल्याशिवाय कोणी जाऊ नये असं मला मुद्दाम सांगायला सांगितलं आहे. जयभीम, नमो बुद्धाय.